हे कापड इतवारीत मिळेल का?

प्रयोग संपला की कुणीतरी रंगपटात येतं, इन्स्पेक्टरची तपकिरी फेल्ट हॅट हातात घेतं आणि विचारतं, ‘ताई, हे कापड इतवारीत मिळेल का?’ नागपुरातल्या हौशी नाटकांची वेशभूषा मी वीस वर्षं सांभाळते आहे, हा प्रश्न चुकत नाही. तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

हे कापडच नाही. यात उभा धागा नाही, आडवा नाही. कुठेही कात्री लावा, उसवणार नाही. ही सशाची लव आहे, नुसती एकमेकांत गुंतलेली. वरचे राठ केस काढून टाकतात, खालची मऊ लव तेवढी घेतात. महागड्या हॅटमध्ये बीव्हर नावाच्या पाणप्राण्याची लव असते.

पावसाळ्यानंतर गवतातून चाललात की मोज्यात कुसळ शिरतं. तुम्ही चालता तसं ते आत सरकतं, मागे येत नाही. केसांवरही अशीच एका दिशेची बारीक खवली असतात. गरम पाणी आणि दाब मिळाला की केस एकमेकांत घुसत जातात आणि मागे फिरत नाहीत. धागा न कातता घट्ट जाड पत्रा तयार होतो, तीच फेल्ट.

हातकामाची पहिली पायरी मला फार जवळची वाटते. माझ्या लहानपणी नागपूरच्या महाल भागात कापूस पिंजणारा पिंजारी यायचा. खांद्यावर लांबलचक पिंजण, तात छेडली की टण्ण आवाज, आणि गादीतला गठ्ठा झालेला कापूस ढगासारखा फुलायचा. युरोपातला हॅटवाला हेच करायचा. छताला टांगलेली सुमारे सात फुटी कमान, तिला आतड्याची तात. ती छेडून तो लव उडवायचा आणि पातळ थरात अंथरायचा. असे दोन थर जोडून मोठा शंकू करायचा, मग तो उकळत्या पाण्यात बुडवून, लाटून, पुन्हा बुडवून आटवायचा. आकार निम्म्यावर येईपर्यंत हेच.

कारखान्यात कमानीची जागा भोकं पाडलेल्या तांब्याच्या शंकूने घेतली. आतून पंखा हवा ओढतो, बाहेर उडवलेली लव शंकूवर चिकटते, वरून गरम पाणी मारलं की सोलून काढता येईल असं पातळ टोपरं मिळतं. तासांचं काम मिनिटांवर आलं. पुढे आटवणं मात्र तेच, रुळांमधून. मग रंग, कडकपणासाठी लाख (पळसा-कुसुमावर होते तीच), लाकडी ठोकळ्यावर वाफेने आकार आणि शेवटी पॉलिशपेपरने घासणं.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला ही हॅट कुणाच्या हातात देववत नाही. सशाची लव गुळगुळीत असते, सहज गुंतत नाही. ती खरबरीत करायला तिच्यावर पाऱ्याचं नायट्रेट लावत. लवेची टोकं गाजरासारखी केशरी व्हायची, म्हणून त्या कामाला नावही गाजरावरूनच पडलं. पुढे वाफेच्या कोंदट खोल्यांत तोच पारा कामगारांच्या छातीत जायचा. हात थरथरायचे, दात हलायचे, माणूस बुजरा आणि चिडका व्हायचा. अमेरिकेत कनेटिकट राज्यातलं डॅनबरी हे हॅटचं गाव. तिथे या थरथरीला ‘डॅनबरी शेक्स’ म्हणत. लोक त्या कामगारांना दारुडे समजत, याचा मला आजही राग येतो. अमेरिकेत हॅटच्या कामात पारा 1941 साली बंद झाला. आता हायड्रोजन पेरॉक्साइड आणि आम्लं वापरून तेच साधतात.

यासाठी जनावर मरतं का, असं विचाराल तर तेही खरंच आहे. सशाची कातडी बहुतेक मांसाच्या धंद्यातून येते, पण लव येते मेलेल्या सशाचीच. ज्यांना ते नको, त्यांनी मेंढीच्या लोकरीची फेल्ट घ्यावी. ती जरा जड आणि राठ असते, पण मेंढी जिवंत राहते.

एकदा सायंटिफिक सभागृहात प्रयोग होता. ऑटोतून नेताना हॅट भिजली आणि मी घाईने ती हीटरसमोर ठेवली. अर्ध्या तासात ती इतकी आटली की नटाच्या डोक्यावर बसेना. चूक सरळ होती: ओलं आणि गरम मिळालं की लव पुन्हा गुंतायला लागते. आता भिजली तर आतला चामडी पट्टा बाहेर उलटून, त्यावर उभी ठेवून पंख्याखाली वाळवते. चेपली तर चहाच्या किटलीच्या वाफेवर धरते. दहा-बारा सेकंदांत लाख सैल होते, कणकेसारखा मऊपणा येतो, आणि बोटांनी खळगा बाहेर काढता येतो. हात काढायचा नाही, थंड होईपर्यंत तसाच धरून ठेवायचा.