90 फूट समजत होतो, टेपने 74 दाखवले

फ्लाय कास्टिंगच्या, म्हणजे मासेमारीच्या रॉडने जड लाइन (दोरी) आणि तिच्या टोकाची हलकी नकली माशी (फ्लाय) फेकण्याच्या स्पर्धेत उतरायचं ठरवलं तेव्हा मला पक्कं वाटत होतं की माझी कास्ट (फेक) 90 फूट जाते, कारण लाइनवर 80 फुटांवर मार्करने खूण केलेली आणि ती खूण रॉडच्या टोकातून बाहेर पडायची, पुढे 9 फुटांचा लीडर (लाइन आणि फ्लाय जोडणारा बारीक धागा), म्हणजे जवळजवळ नव्वद झालेच ना. मित्राने टेप धरला तर 74. परत टाकली, 76. फार वाईट वाटलं. मी बाहेर गेलेली लाइन मोजत होतो आणि स्पर्धेत मोजतात ती फ्लाय पडलेली जागा! लाइन नागमोडी पडली किंवा लीडर शेवटी गोळा झाला की तेवढे फूट गेलेच.

मग मोजणीच नीट शिकलो. पायाची रेषा आखायची, टेप ताणून जमिनीला चिकटवूनच ठेवायचा, कारण वाऱ्याने बाक आला की आकडा फुगतो. हुकऐवजी भडक रंगाच्या लोकरीचा झुबका बांधायचा म्हणजे दिसतो आणि कुणाला टोचत नाही. सगळ्यात महत्त्वाचं, तिकडे उभा माणूस खूण करेपर्यंत लाइनला हात लावायचा नाही, मी तर सवयीने लगेच ओढायचो. फ्लाय थोडी बाजूला पडली की मला टेन्शन यायचं, पण हिशोब केला तर 25 मीटरवर 3 मीटर बाजूला गेली तरी सरळ अंतर आणि तिरकं अंतर यात फरक फक्त 18 सेंटीमीटरचा.

नेम मात्र वेगळंच प्रकरण आहे आणि मला तोच जास्त आवडतो. अमेरिकन कास्टिंग असोसिएशनच्या नियमांत 30 इंच व्यासाच्या रिंगा असतात, साधारण 20 ते 50 फुटांवर. आत पडली तर काही कापत नाहीत, बाहेर गेली की दर फुटाला एक गुण वजा आणि अर्धा फूट असला तरी पूर्ण एक, 100 पैकी. इथे जोर कामाचा नाही. हवेत लाइन मागेपुढे खेळवताना फ्लाय रिंगेच्या बरोबर वर येते का ते बघायचं, तेवढीच लाइन हातात पकडायची आणि मग खाली सोडायची. मला जवळच्या रिंगेवर सगळ्यात जास्त त्रास झाला, लाइन कमी बाहेर असली की वजन जाणवत नाही, लूप (हवेत लाइनचा होणारा वळसा) उघडाच राहतो.

आता सर्वात लांब गेलेली एकच नाही तर पाचही कास्ट वहीत लिहितो. काल वारा नव्हता: 81, 79, 84, 80, 78.