फामागुस्ताचं जुनं रेल्वे स्टेशन: रूळ गेले, इंजिन राहिलं

सायप्रसच्या पूर्व किनाऱ्यावरचं फामागुस्ता हे बंदर 1974 च्या युद्धात बेटाची फाळणी झाली तेव्हापासून उत्तरेच्या तुर्की सायप्रसी प्रशासनाकडे आहे. त्या प्रशासनाला तुर्कस्तान सोडून कोणीही मान्यता दिलेली नाही, त्यामुळे प्रवासाचा क्रम आधी ठरवून घ्या. एर्जान विमानतळावर उतरून उत्तरेत शिरणं सायप्रस सरकारच्या लेखी बेकायदा आहे. सायप्रस सरकारकडे असलेल्या दक्षिणेत, लार्नाका किंवा पाफोसला उतरा आणि हद्द जमिनीवरून ओलांडा. भारतीय पासपोर्टवर दोन्ही बाजूंचे व्हिसा नियम वेगळे आहेत, ते निघण्यापूर्वी तपासा.

आम्ही निकोशियातल्या लेड्रा स्ट्रीटच्या नाक्यावरून गेलो. हा नाका फक्त पायी जाणाऱ्यांसाठी आहे. पासपोर्ट दोनदा दाखवायचा, आधी दक्षिणेच्या खिडकीवर, मग उत्तरेच्या. दक्षिणेत भाड्याने घेतलेली गाडी न्यायची असेल तर वाहनांच्या नाक्यावर वेगळा विमा काढावा लागतो, आणि तो बहुधा फक्त थर्ड पार्टी असतो. आपल्या गाडीला पोचा आला तर भुर्दंड आपलाच. त्यापेक्षा पलीकडून मिनीबस बरी. पाटीवर ‘गाझीमाउसा’ असं तुर्की नाव असतं. रस्ता साठेक किलोमीटरचा. सुट्टे लिरा जवळ ठेवा.

स्टेशनची इमारत व्हेनेशियन तटबंदीच्या बाहेर आहे. तिथे आता जमीन नोंदणीचं कार्यालय आहे, म्हणून ‘स्टेशन कुठे’ असं विचारून उपयोग नाही. ‘तापू दाइरेसी’ विचारा. इमारत साधीच. बघायचं ते बाहेर उभं असलेलं 1 नंबरचं इंजिन. 1904 साली इंग्लंडच्या नॅस्मिथ विल्सन कारखान्यात घडलेलं, एकमेकांना दांड्यांनी जोडलेली सहा चाकं, आणि पाण्याच्या टाक्या बॉयलरच्या दोन्ही अंगांना. मागे टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा वेगळा डबा, नाही, त्यामुळे पाणी बेताचंच मावतं.

खाली वाकून दोन चाकांमधलं अंतर बघाच. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 762 मिलिमीटर, आपल्या जुन्या बार्शी लाइट रेल्वेचं आणि ‘शकुंतला’चं होतं तेच. माथेरानची गाडी याहून अरुंद, 610 ची. कमी खर्चात शेतमाल बंदरापर्यंत आणायचा तर तेव्हा इथे राज्य करणाऱ्या ब्रिटिशांना हे माप परवडणारं होतं. 1905 मध्ये फामागुस्ता ते निकोशिया गाडी सुरू झाली, 1907 मध्ये मोर्फूपर्यंत आणि 1915 मध्ये एव्रिखूपर्यंत रूळ गेले. एकूण साधारण 122 किलोमीटर. मग ट्रक आणि बस आल्या. त्या दारापर्यंत जात, भाडंही कमी. 31 डिसेंबर 1951 ला रेल्वे बंदच झाली, म्हणजे सायप्रसच्या फाळणीच्या कितीतरी आधी. इथली रेल्वे युद्धाने संपवली असं अनेकजण धरून चालतात, ते चूक आहे.

फोटो काढताना लाल पाट्यांकडे लक्ष असू द्या. शहरात लष्करी हद्दी जागोजागी आहेत, आणि तिथे कॅमेरा काढला तर चौकशी होते.

या रेल्वेचं संग्रहालय मात्र दक्षिणेत, एव्रिखूच्या जुन्या स्टेशनात आहे. दोन्ही एका दिवसात उरकू नका. नाक्यावर रांग लागली तर तिथे पोहोचेपर्यंत दार बंद झालेलं असेल.