दाखवत नाही असे पाच फोटो

बुधवार, रात्री

भंडारदऱ्याच्या फोटोग्राफी वर्कशॉपचा फॉर्म आला. नाव, वय, कॅमेरा कोणता, शाकाहारी की मांसाहारी, गुडघ्यांचा काही त्रास. एवढं भराभर भरून टाकलं. शेवटचा रकाना मात्र अजून रिकामा आहे. ‘तुम्ही कुणाला दाखवत नाही, पण डिलीटही करवत नाहीत, असे पाच फोटो पाठवा. कारण लिहिलंत तर उत्तम, नाही लिहिलंत तरी चालेल.’

असे फोटो आपल्याकडे असतात, हे त्यांना कसं कळलं?

जेवणं उरकल्यापासून हार्ड डिस्क लावून बसले आहे. सुहास दोनदा डोकावून गेला. दुसऱ्यांदा म्हणाला, ‘‘पैसे भरून टाक एकदाचे नाहीतर सोडून दे. त्याच साडेअठरा हजारांत सेकंडहँड वाइड लेन्स येईल, ती घरात तरी राहील.’’ त्याचं काही चुकत नाही. लेन्स हातात धरता येते, नाही आवडली तर विकता येते. तीन दिवस भंडारदऱ्याला पावसात उभं राहून काय आणलंस असं कुणी विचारलं, तर मी काय दाखवणार आहे? आणि आईंच्या ऑपरेशनचं पुढे ढकललेलं आहेच. तो हिशोब आज नको.

अनघाचं म्हणणं वेगळं. सगळं यूट्यूबवर फुकट आहे, म्हणते. तेही खरं. माझं निम्मं शिक्षण तिथलंच आहे. कॅमेऱ्याचं मीटर समोर दिसेल त्याला मधल्या करड्या रंगावर आणून ठेवतं, म्हणून धुक्याचा फोटो मळकट येतो आणि एक्स्पोजर मुद्दाम एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवावं लागतं, हे मला कुणी समोर बसवून शिकवलेलं नाही. ओल्या कातळावरची चकाकी लेन्सवरचा पोलरायझर फिल्टर फिरवला की उतरते आणि खालच्या शेवाळाचा खरा हिरवा वर येतो, हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं तेव्हा तर मी कितीतरी वेळ ती रिंगच फिरवत बसले होते. धबधब्याला शटर अर्ध्या सेकंदाच्या आसपास ठेवलं तर पाण्याचे पदर दिसतात, फार लांबवलं तर नुसता पांढरा पडदा होतो. एवढं येतं मला. मग पैसे कशाचे भरायचे?

जागेचे म्हणावं, तर रंधा धबधबा पाहिलेला आहे. 1926 सालचं ते विल्सन धरण, त्यातून पाणी सोडलं की खाली फुलणारा अंब्रेला फॉल, रतनवाडीचं अमृतेश्वर, सगळं पाहून झालंय. घरच्यांबरोबर. घरच्यांबरोबर गेलं की कुठे थांबता येत नाही, पण ते आता लिहीत बसत नाही.

फोटो शोधायला लागले, तर पहिला लगेच सापडला. माळशेज. घाटातलं वळण, जुलैतलं धुकं, उजवीकडे अगदी कडेला डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेतलेला माणूस आणि त्याच्यापुढे दोन म्हशी. मागची म्हैस अर्धी धुक्यात विरलेली, पाठीचा कणा आणि शिंगं तेवढी दिसताहेत. डावीकडचा दोन तृतीयांश फोटो रिकामा. नुसतं धुकं. फोकस बरोबर आहे, एक्स्पोजर बरोबर आहे, रस्त्याचा उतार जसा हवा तसा आहे. ज्यांना दाखवला ते सगळे म्हणाले, छान आहे, पण माणूस मध्ये घ्यायचा ना! म्हणून दाखवायचा बंद केला.

माणूस मध्ये नकोच आहे मला. तो जातोय, आणि त्याने मागे सोडलेली ती रिकामी जागाच मला हवी होती. पण ती जागा जेवढी बोलायला हवी तेवढी बोलत नाही. काहीतरी राहिलंय. मी अजून थोडी खाली बसायला हवं होतं का? तो आणखी चार पावलं पुढे जाईपर्यंत थांबायला हवं होतं का? का मुळात त्या धुक्यात तो कठड्याचा पांढरा-काळा पट्टा नको होता? कळत नाही. दुखतंय हे कळतं, पण बोट ठेवता येत नाही, तशी लहान मुलासारखी माझी गत होते या फोटोपुढे.

आणि याचाच आज त्रास होतोय. पैशाचा नाही. इतकी वर्षं फोटो काढते आहे आणि एकाही माणसाने मला माझ्या फोटोत काय कमी आहे ते सांगितलेलं नाही. ‘छान’ म्हणतात. मनू लांबूनच अंगठा दाखवते. सोसायटीच्या ग्रुपवर टाकला की फुलांचे गुच्छ येतात. सगळे मनापासून म्हणतात, त्यांच्यावर माझा राग नाही. पण ‘छान’ म्हटलं की बोलणं संपतं, आणि मी फोटोबरोबर पुन्हा एकटीच उरते. आपल्या कामाकडे कुणी नीट बघावं असं वाटण्यात काय जास्त मागतेय मी? स्वयंपाकात मीठ कमी पडलं तर घरातला प्रत्येक जण सांगतो.

रडायला आलं थोडं. साडेबारा वाजून गेलेत.

दुसरा फोटो रंध्याचा निवडला. पाणी प्रचंड आहे त्यात, प्रवरेला पूर होता. पण तो पाण्याचा फोटो आहे, धबधब्याचा नाही. त्या दिवशी छातीत घुमत होता तो आवाज त्यात कुठेच नाही. कड्याची उंची दाखवायला शेजारी एखादं झाड, एखादी पायरी, काहीतरी हवं होतं बहुतेक. ‘बहुतेक’ एवढ्यावरच माझं गाडं अडतं.

गुरुवार

ऑफिसात दिवसभर ॲन्सल ॲडम्स डोक्यात, तो अमेरिकन निसर्ग-फोटोग्राफर. न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ गावावर चंद्र उगवतानाचा त्याचा तो फोटो, 1 नोव्हेंबर 1941 चा. रस्त्यावरून जाताना दृश्य दिसलं, गाडी थांबवली, भलामोठा कॅमेरा उभा केला आणि लाइट मीटर सापडेना. कबरींवरच्या क्रुसांवरचा उजेड सरत चाललेला. मग चंद्राची दीप्ती किती असते तो आकडा त्याला पाठ होता, त्यावरून त्याने हिशोब केला आणि फोटो घेतला. दुसरा घेईपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलं होतं.

असा आकडा तीन दिवसांच्या वर्कशॉपमध्ये पाठ होत नाही, हे मीच मला सकाळी ठणकावून सांगितलं. त्याला वर्षानुवर्षांची बैठक लागते. फॉर्म बंद करून टाकायचा असं लोकलमध्ये ठरलंही. पण मग हाच माणूस 1955 पासून कितीतरी वर्षं योसेमिटीत दरवर्षी वर्कशॉप घेत होता, त्याचं काय? फोटो शिकवता येतच नाही असं त्याला वाटलं असतं तर कशाला घेतले असते? बैठक ज्याची त्यानेच मारायची, पण कुणीतरी शेजारी उभं राहून ‘इथे बघ’ म्हणायलाही लागत असेल.

संध्याकाळी वर्कशॉपवाल्यांना फोन केला. दोनच गोष्टी विचारायच्या असं कागदावर लिहून घेतलं होतं. एक, किती जणांमागे एक शिकवणारा. बारा जण आणि दोघं, म्हणाले. म्हणजे सहांमागे एक, ठीक आहे. दुसरी, पावसाचं काय? ऑगस्टअखेर म्हणजे कळसूबाई 1646 मीटर उंच असली तरी दिसेलच असं नाही, दिवसच्या दिवस ढगात असते. बाहेर पडताच आलं नाही तर? मला वाटलं, आता पैसे परत मिळणार नाहीत वगैरे सुरू होईल. ते म्हणाले, ‘‘मग तर बरंच की, ताई. भिंतीवर तुमचे फोटो लावून बघत बसू. प्रत्येकाला तासभर देता येईल.’’

तासभर.

माझ्या पाच फोटोंना कुणीतरी तासभर देणार. मी पुढे काही विचारलंच नाही. पावसाने तीनही दिवस झोडपलं तरी मला चालेल, असं फोन ठेवल्यावर वाटलं, आणि तेव्हा कळलं की ठरलंय.

सुहासला सांगितलं. तो जरा वेळ गप्प होता, मग म्हणाला, ‘‘लेन्स दिवाळीत बघू.’’ माळशेजचा फोटो त्याला पुन्हा दाखवला. या वेळी त्याने चष्मा लावून पाहिला. ‘‘हा पट्टा खुपतोय का गं तुला?’’ म्हणाला. कठड्याचा! असेल. कदाचित तोच असेल. अजून नक्की नाही.

निम्मे पैसे भरले. पाचापैकी चार फोटो पाठवले. कारणाच्या रकान्यात चारही ठिकाणी ‘माहीत नाही’ लिहिलंय. पाचवा रतनवाडीचा, पुष्करणीच्या पायऱ्यांवर पाठमोऱ्या बसलेल्या आईंचा. त्यांना न विचारता पाठवायचा नाही, उद्या सकाळी चहाला विचारेन. कॅमेऱ्याचं रेनकव्हर शिवणीत फाटलंय, ते नवीन घ्यायला हवं. आणि कल्याणहून इगतपुरीची सकाळची गाडी बघायची आहे.