दुष्काळी भागातला माणूस वॉटर पोलो कसा खेळला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. "लातूरकडचे ना तुम्ही? तिथं प्यायला पाणी नाही, आणि तुम्ही कॉलेजात वॉटर पोलो खेळत होतात?" लग्नकार्यात, रेल्वेत, नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा हा प्रश्न मला झाला आहे. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, त्यामुळं रागही येत नाही. पण वॉटर पोलो, म्हणजे खोल पाण्यात तरंगत समोरच्या गोलात चेंडू मारायचा खेळ, माझ्याकडं कसा आला हे एका वाक्यात सांगून भागत नाही.

आमच्याकडं पाऊस बेभरवशाचा, पण विहिरी खोल. औसा तालुक्यातल्या आमच्या शेतातल्या विहिरीला पावसाळा सरताना तीन पुरुस पाणी असायचं. काकांनी पाठीला गोडेतेलाचा रिकामा डबा बांधला, कासऱ्याचं टोक स्वतःच्या हातात ठेवलं आणि मला आत सोडलं. त्यांच्या लहानपणी डब्याऐवजी पांगाऱ्याचं लाकूड बांधायचे. विहिरीत लांब पोहत जाता येत नाही. चार हात मारले की समोरचा दगड. खाली पाय टेकत नाहीत, कडेला शेवाळ, धरायला काही नाही. म्हणून आम्ही आधी शिकलो ते उभं पोहणं. गळाभर पाण्यात उभं राहून गप्पा मारायच्या, वरून कुणी पेरू टाकला तर पाण्याबाहेर उसळून झेलायचा. मग आजीचा काठावरून आवाज यायचा, "आरं किती येळ डुंबायलास? वर ये की!"

नांदेडला कॉलेजात आल्यावर क्रीडाशिक्षकांनी नेमकं तेवढंच हेरलं. पोहण्याच्या तलावात शिकलेली मुलं पन्नास मीटरला मला सहज मागं टाकायची. पण चेंडू हातात धरून एका जागी थांबा म्हटलं की त्यांचे खांदे पाण्याखाली जायचे. माझे जात नव्हते.

या खेळात एका बाजूला सात जण, त्यातला एक गोलकीपर. आठ-आठ मिनिटांचे चार डाव. तळाला पाय लावायचा नाही आणि गोलकीपर सोडून कुणीही चेंडूला एका वेळी दोन हात लावायचे नाहीत. चेंडू चारशे-साडेचारशे ग्रॅमचा, ओला, निसटता. एका हातानं तो उचलून फेकायचा तर कंबरेपर्यंत बाहेर यावं लागतं, आणि पायाखाली जमीन नसताना ते बळ मांड्यांतूनच काढावं लागतं. गुडघे बाहेर फाकवून दोन्ही पोटऱ्या आळीपाळीनं गोल फिरवायच्या, एक एका दिशेनं, दुसरी उलट्या. ताक घुसळताना रवीचा फेरा मध्येच थांबवून चालत नाही, तसंच हे. थांबलात की खाली.

सरावाला आमच्याकडं वीस लिटरचा जार होता, घरोघरी प्यायचं पाणी येतं तोच. त्यात निम्मं पाणी भरून तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरायचा आणि नुसत्या पायांवर तरंगत राहायचं. पहिल्या मिनिटात काही वाटत नाही. मग गुडघ्याची आतली बाजू भरून येते, जार कलंडायला लागतो आणि त्यातलं पाणी आत डचमळून तुम्हालाच एका अंगाला ओढतं. सर काठावरून एवढंच म्हणायचे, "हनुवटी वर."

आंतरविद्यापीठ स्पर्धेत सामन्याआधी पंचांनी आमची नखं तपासली. अंगाला तेल चालत नाही, हेही मला तिथंच कळलं. केरळ आणि बंगालकडची पोरं या खेळात मुरलेली असतात. पंचाला वरचं दिसतं, पाण्याखाली कोण कुणाची चड्डी ओढतंय ते दिसेलच असं नाही. आम्ही मोठ्या फरकानं हरायचो. तरी त्यांचा दांडगा सेंटर फॉरवर्ड माझ्या अंगावर रेलला आणि मी जागचा हललो नाही, असे काही क्षण मला पदकापेक्षा कमी वाटत नाहीत.

पदक मिळालंच नाही. त्यामुळं सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणाचा प्रश्नही आला नाही. पदवी झाली, पाण्यात खेळताना घालायची टोपी कपाटात गेली. बहुतेक कॉलेज खेळाडूंची कारकीर्द एवढीच असते, आणि ती पुरेशी आहे असं मी मनापासून मानतो.

आता पाण्याचा हिशेब, कारण खरा प्रश्न तोच आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पंचवीस मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि दोन मीटर खोल तलाव भरायला सव्वासहा लाख लिटर लागतात. म्हणजे ती अख्खी गाडी ओतली तरी तलाव भरला नसता. त्या उन्हाळ्यात आम्ही मैदानावर पळालो, भिंतीवर चेंडू मारले. घरी आई टँकरच्या रांगेत उभी असताना मला तलावात उतरावंसंही वाटलं नसतं. पण पावसाळी वर्षांतही कुणी "एवढं पाणी वाया" म्हणालं, तर मी थांबवून सांगतो: तलावातलं पाणी रोज बदलत नाहीत. तेच गाळून, क्लोरिन टाकून फिरवतात. उडून जाईल आणि गाळण्या धुताना जाईल, तेवढीच भर घालावी लागते.

मला काळजी वेगळीच आहे. आमच्या विहिरीत आता पोहण्याएवढं पाणी उरत नाही. शिवारात जिकडंतिकडं बोअर झाले. शेकडो फूट खोल, पण तोंड सहा-साडेसहा इंचाचं. त्यात मोटार उतरते, पोर उतरत नाही. गावातल्या मुलांनी खोल पाणी जवळून पाहिलेलंच नाही. आणि नवे तलाव बांधताना चार फुटांवर थांबतात, सुरक्षित म्हणून. लहानांना शिकायला ते ठीकच, त्याला माझी ना नाही. पण तिथं पाय टेकतात, आणि पाय टेकले की हा खेळच होत नाही. महिलांचा वॉटर पोलो 2000 पासून ऑलिंपिकमध्ये आहे, आमच्या मुलींनाही तो खेळता यावा. म्हणून तुमच्या तालुक्यात क्रीडासंकुलाचा नकाशा मंजुरीला आला, तर एका बाजूला दोन मीटर खोली आणि जीवरक्षकाचं कायमचं पद, दोन्ही मागून घ्या. शिकवायला मी रविवारी येईन.