लॉस एंजेलिसमध्ये अंगण धुण्याआधी

यवतमाळ-वाशीमकडच्या खेड्यातून लेकाकडे सहा महिने राहायला आलेल्या आईचा हात पहिल्याच सकाळी नळीकडे जातो. अंगण धुवायचं, सडा टाकायचा. लॉस एंजेलिसमध्ये नळीने अंगण, पायवाट, गाडी उभी करायची जागा धुणं शहराच्या नियमाने बंद आहे. घाण किंवा धोका तातडीने काढायचा असेल तेवढीच सूट. खराटा वापरा. गाडी नळीने धुता येते, पण नळीच्या तोंडाला, दाबलं तरच पाणी सोडणारी पिस्तूल हवी.

खरा घोळ लॉनच्या पाण्याचा. सकाळी 9 ते दुपारी 4 फवारे बंद. पाऊस पडल्यावर 48 तास बंद. पाणी वाहून रस्त्याच्या नालीत गेलं तर तो नियमभंगच. वार घर क्रमांकावरून ठरतात: 2022 च्या दुष्काळात 1 जूनपासून विषम क्रमांकांना सोमवार आणि शुक्रवार, सम क्रमांकांना गुरुवार आणि रविवार, आणि साध्या फवाऱ्याला 8 मिनिटं. शहराने जाहीर केलेला पाणीटंचाईचा टप्पा बदलला की वारही बदलतात, तेव्हा शेजाऱ्याचं बघून चालू करू नका.

बऱ्याच घरी नियम मोडतो तो टायमर. वीज गेली आणि आतली बॅटरी संपलेली असली, की जुना टायमर कंपनीने भरलेल्या वेळापत्रकावर जातो आणि रोज पाणी सोडतो. घरच्यांना पत्ता नसतो. बॅटरी वर्षातून एकदा बदला. फवाऱ्याचं डोकं तुटलं तर कारंजं उडतं आणि फूटपाथ ओला होतो, तो लांबूनही दिसतो. चिकण जमिनीत पाणी हळू मुरतं, हे काळ्या रानातल्या माणसाला काय सांगायचं? 8 मिनिटं एकदम देऊ नका. 4 मिनिटं, अर्धा तास उसंत, पुन्हा 4.

कुत्र्यालाही नियम आहेत: दोरी 6 फुटांपर्यंतच. घरी जास्तीत जास्त तीन कुत्री. 4 महिन्यांवरच्या कुत्र्याला परवाना आणि, काही अपवाद सोडले तर, नसबंदी लागते. रेबीजची लस त्याआधीच. चावला तर 10 दिवस वेगळा ठेवावा लागतो. उरलेलं अन्न मागच्या दारी ठेवायची सवय सोडा: कोयोट (कोल्ह्यासारखा रानटी प्राणी), रकून येतात आणि त्यांना खाऊ घालणं मना आहे.

गावात जनावर कोंडवाड्यात जातं, दंड भरून सोडवता येतं. इथं दंडाचा कागद हातात पडतो. बहुतेक वेळा तो फौजदारी खटला नसतो, म्हणून घाबरू नका. पण त्याच कारणाने लोक तो फ्रिजवर चिकटवून विसरतात आणि मुदत उलटते. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात अशा किरकोळ नियमभंगांच्या दंडाची साधी मर्यादा पहिल्यांदा 100 डॉलर, वर्षाच्या आत तोच नियम मोडला तर 200, मग 500. मोठ्या शहरांचे आकडे वेगळे असू शकतात, कागदावरचाच धरा.

हरकत घ्यायची तर आधी शहराच्या सुनावणीत. तिथला अंतिम आदेश मिळाल्यावर कोर्टात जायला 20 दिवस आणि 25 डॉलर. न्यायाधीश प्रकरण नव्याने ऐकतात. लसीचा दाखला कागदाच्या तारखेआधीचा असेल तर त्याला वजन. पुराव्यासाठी फोटो काढताना घर क्रमांक चौकटीत येऊ द्या.

पाण्याचा दंड मात्र वेगळा: तो मीटर ज्याच्या नावावर त्याच्या पाणीबिलात जोडून येतो. भाड्याच्या घरात मीटर मालकाच्या नावावर असेल, तर करारात हा दंड कोणी भरायचा ते लिहून घ्या.