कादंबरीतली रात्र आणि जुव्याची ओहोटी

ऐतिहासिक कादंबरीवर बोलायला चार माणसं बोलावली की त्यात दोन तट पडतातच. काहींचा महाराजांचं नाव निघालं की गळा दाटून येतो, आणि काही जण खिशात संदर्भांची चिठ्ठी घालूनच येतात. गोव्यात, फोंड्याला, आम्ही रविवारी संध्याकाळी जमायला लागलो तेव्हा सुरुवातीच्या बैठका या दोघांच्या जुंपण्यातच गेल्या. 'स्वामी'वर चर्चा होती. एकाने रमा-माधवांचा एक हळवा प्रसंग वाचून दाखवला. तो पुस्तक मिटतोय तोवर दुसऱ्याने विचारलं, "हे कुठल्या बखरीत आहे?" झालं! वाचन मराठीत आणि भांडण कोंकणीत, ही आमची रीत तेव्हाच पडली.

गट मोडायच्या बेतात असताना त्याला वळण लावलं ते आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी. त्या म्हणाल्या, अख्खी कादंबरी चर्चेला घेऊ नका, एकच प्रसंग घ्या. तो आधी मोठ्याने वाचायचा. तो होईपर्यंत कुणी खरं-खोटं काढायचं नाही. आणि तो प्रसंग शक्यतो असा असावा की ती जागा आपल्या पायाखालची आहे.

ही शेवटची अट गोव्यात फार सोपी. संभाजी महाराजांवरच्या कादंबऱ्यांत 1683 ची गोवा मोहीम आल्याशिवाय राहत नाही, आणि तिची सगळी ठिकाणं आमच्या अर्ध्या-पाऊण तासाच्या टप्प्यात. पोर्तुगिजांचा विजरई, म्हणजे व्हाइसरॉय, कोंद द आल्व्होर याने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला. येसाजी कंकांनी किल्ला लढवला. महाराज स्वतः येऊन थडकल्यावर विजरईला दुर्भाटच्या वाटेने माघार घ्यावी लागली. मग 24 नोव्हेंबरच्या रात्री मराठ्यांनी जुवे बेटावरचा किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी विजरई तो सोडवायला गेला आणि कसाबसा जीव वाचवून परतला. जुवे म्हणजे कागदोपत्रीचं सांतु इश्तेव्हांव. सात शिरांच्या भेंड्यांसाठी बाजारात ज्याचं नाव निघतं, तेच.

आम्ही घेतलेला प्रसंग याच रात्रीचा. कादंबरीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण असे प्रसंग बऱ्याच ठिकाणी साधारण एकाच साच्यातले असतात: मिट्ट काळोख, घोंघावणारा वारा, पाण्यात उतरणारे मावळे. वाचन छान झालं. भाषा झुलवणारी होती. सगळे दोन क्षण गप्प बसले आणि तेवढ्यात जुव्याचेच एक ख्रिस्ती गृहस्थ म्हणाले, "पूण उदक कितलें आशिल्लें तें सांग."

त्यांची तिथे खाजन शेती आहे, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेती. मानशीची, म्हणजे बांधातल्या झडपेची, दारं कधी उघडायची आणि कधी लावायची हे पाण्यावर ठरतं, त्यामुळे भरती-ओहोटीचं गणित त्यांच्या बोटांवर. पोर्तुगीज बाजूच्या हकिकतींत मराठे ओहोटीचा फायदा घेऊन उतरल्याचं येतं. ते कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला तो तिथीचा.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात आवडला. बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक काका पंचांगाचे शौकीन. त्यांनी आधी तारीख कुठल्या गणनेची ते विचारलं. पोर्तुगिजांनी ग्रेगरियन कालगणना 1582 मध्येच स्वीकारली होती, पण इंग्रज त्या काळी जुन्याच गणनेने लिहीत, म्हणून इंग्रज वखारींच्या पत्रांतल्या तारखा 10 दिवस मागे असतात. (आमची आधीची निम्मी भांडणं या 10 दिवसांवर झाली होती, हे तेव्हा उमगलं.) तारीख पोर्तुगीज धरून काकांनी आकडेमोड केली: शके 1605, मार्गशीर्षातली शुद्ध पंचमी-षष्ठी. म्हणजे चंद्रकोर होती आणि ती रात्री दहा-साडेदहाला मावळणार. जुवेकरांनी लगेच पुढचं सांगितलं. पंचमी-षष्ठीला आमच्याकडे पाणी रात्री दहा-अकराच्या सुमारास तळाला जातं. पण अष्टमी जवळ आली की भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराचं, पाणी; उधाणाच्या ओहोटीसारखं ते खोल उतरत नाही. चिखल मात्र भरपूर.

म्हणजे कोर मावळायच्या सुमारासच पाणी ओसरलेलं. कुणी जाणूनबुजून ती वेळ साधली की नाही, हे आमच्या गणितातून निघत नाही. पण कादंबरीकाराला याहून चांगला प्रसंग कुणी दिला असता? वादळ-वाऱ्याची गरजच नव्हती. आमच्यातल्या संदर्भवाल्यांनाही त्या दिवशी कल्पनेची गोडी लागली, आणि गळा दाटणाऱ्यांनी पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयाची वाट धरली. पांडुरंग पिसुर्लेकरांचं 'पोर्तुगेज-मराठे संबंध' त्यानंतर आमच्यात हातोहात फिरलं.

पुढची बैठक जड गेली. डिसेंबरात मराठी फौजा गोव्यातल्या साष्टी आणि बारदेशात, म्हणजे पोर्तुगिजांच्या मुलखात, शिरल्या. कादंबऱ्यांत हा भाग विजयाच्या ओघात दोन-चार पानांत उरकतो. आमच्यातल्या दोघांची मूळ गावं साष्टीतली. विजरईच्या फौजेत साष्टीचे स्थानिक लोकही होते, म्हणजे 'फिरंगी' म्हणून जे गारद होतात त्यांत आमच्यापैकी कुणाचा पूर्वज असणं अगदी शक्य. दुसऱ्या बाजूला, इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगिजांचं धर्मन्यायालय, 1560 पासून चालू होतं आणि देव खांद्यावर घेऊन नदीपार गेलेल्या घराण्यांतलेही आमच्यात होते. एकाला ती फौज सुटकेची वाटते, दुसऱ्याला लुटीची. आवाज चढले, एक जण उठून गेला. (पुढच्या खेपेला आला, काजूचा डबा घेऊन.) माझं मत विचाराल तर इथे कादंबरीकार कमी पडतात. जुन्या गोव्यात विजरईने आपला राजदंड सेंट झेवियरच्या शवापाशी नेऊन ठेवला, ही गोष्ट पोर्तुगिजांची फजिती म्हणून रंगवतात. त्या रात्री शहरातली साधी माणसं काय करत होती, हे कुणी लिहीत नाही. जानेवारी 1684 मध्ये औरंगजेबाचा मुलगा शहाआलम याची मोगली फौज आली आणि महाराजांना माघारी वळावं लागलं. हेही नायकाला सोयीचं नसल्याने घाईत येतं.

नंतर आम्ही जुव्याला जाऊन आलो. किल्ल्याचे अवशेष चढून वर गेलं की खाली पाण्याचे फाटे आणि खाजनं एका नजरेत येतात. खंडो बल्लाळांनी महाराजांना पुरातून वाचवल्याची परंपरेने आलेली कथा तिथे वाचली. ती खरी का, असं या वेळी कुणी विचारलं नाही. घोडा नेमका कुठे उतरला असेल यावर मात्र तासभर वाद झाला आणि जुवेकरांनी आमच्या तिन्ही जागा बाद केल्या.

कुणाला असा गट सुरू करायचा असेल तर एक सांगतो, गटात इतिहासाचा पदवीधर नसला तरी भागेल, पण शेतकरी आणि पंचांग कळणारा माणूस पाहिजेच. आता 1871 चं 'मोचनगड' लावलंय. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणतात ती हीच. भाषा जुनी असल्याने वाचायला वेळ लागतो. संदर्भवाले मात्र बेचैन आहेत, कारण कथाच कल्पित असल्याने चिठ्ठी काढायला वावच नाही.