उजेड आहे तोवर

नाशिकमध्ये मी डोळे तपासण्याचं काम करते. दुपारनंतर माझ्यासमोरच्या खुर्चीत बहुतेक वेळा तिसरी-चौथीतलं एखादं मूल बसलेलं असतं. आया मोबाईलला दोष देतात, थेंब लिहून द्या म्हणतात, गाजर किती खाऊ घालायचं ते विचारतात. मी विचारते, "शाळेतून आल्यापासून अंधार पडेपर्यंत ही असते कुठे?" उत्तर ठरलेलं असतं. साडेचारला ट्यूशन, तिथून अबॅकस. बाहेर म्हणजे रिक्षात चढण्या-उतरण्यापुरतं.

मूल वाढतं तसा डोळ्याचा गोळाही वाढतो. तो प्रमाणाबाहेर लांबला की दूरचं धूसर दिसतं, मायनस नंबर लागतो. लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही, म्हणून आधी सांभाळायचं. भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन स्रवतं आणि त्यामुळे हे लांबणं आटोक्यात राहतं, असं बरेच संशोधक मानतात. दिवे लावलेल्या वर्गात साधारण ३०० ते ५०० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. बाहेर उन्हात तो १०,००० च्या कितीतरी वर जातो. झाडाच्या सावलीतसुद्धा तो वर्गाच्या अनेक पट असतो, तेव्हा रणरणत्या उन्हात पोरांना उभं करायची काही गरज नाही.

चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांनी मुलांना रोज ४० मिनिटं जास्त वेळ बाहेर उघड्यावर नेलं. तीन वर्षांनी त्या शाळांतल्या ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला होता; बाकीच्या शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होतं. तैवानमध्ये तर २०१० पासून शाळकरी मुलांनी रोज १२० मिनिटं बाहेर असावं यासाठी सरकारी मोहीम चालते. एकदा नंबर लागला की तो वाढू न देण्यात बाहेर खेळण्याचा उपयोग कमी दिसतो. म्हणून मी लहान भावंडांबद्दल आवर्जून बोलते.

बॅडमिंटनचा हॉल, कराटेचा तळमजला यात धरायचा नाही. आकाश उघडं हवं. डोळ्यांपुरतं पाहिलं तर मैदानावरचं क्रिकेट कोचिंग चालेल. माझ्या मुलीला मात्र मी तेही लावलं नाही, कारण तिथे रांगेत उभं राहून आपली पाळी येण्याची वाट बघायची आणि सर सांगतील ते करायचं. आमच्या बिल्डिंगच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ मोकळी जागा आहे, एक आंबा आहे. तिथे पोरं सोडली तेव्हा सुरुवातीला ती नुसती रेंगाळत होती. "काय खेळू?" म्हणून वर येत होती. आम्ही काही सुचवलं नाही. हे न सुचवणं फार अवघड जातं, पण मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कंटाळून कंटाळून त्यांनी शेजारच्या बांधकामावरचे फरशीचे तुकडे गोळा केले आणि लगोरी रचली.

सासूबाईंनी एकदा गॅलरीतून डबा ऐसपैस समजावून सांगितला. पोरांनी रंगाचा रिकामा डबा मिळवला आणि चार दिवसांत नियम फिरवले: टाकीच्या पलीकडे लपायचं नाही, वॉचमनकाकांच्या खुर्चीमागे लपलं तर दोनदा राज्य. एक बालवाडीतला मुलगा आहे, तो कच्चा लिंबू. त्याच्यावर राज्य येत नाही. तो पक्का कधी व्हायचा यावर मोठ्या मुलांची केवढी चर्चा! शेवटी ठरलं, वीसपर्यंत न चुकता म्हणता आलं की पक्का. तो आता जिना चढताना आकडे म्हणत असतो. असं शिकवणं कुठल्या क्लासात मिळणार?

भांडणं होतातच. आम्ही पालकांनी आपसांत ठरवलंय की रक्त आलं तरच खाली धावायचं. कोणी ना कोणी आजी-आजोबा बाकावर असतात, तेवढी नजर पुरते.

खरी अडचण घड्याळाची आहे. डिसेंबरात नाशिकला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि साडेचार ते सहा हाच आमच्याकडे क्लासचा वेळ. शाळेनंतरचा सगळा उजेड आपण ट्यूबलाइटखाली घालवतो आणि काळोख झाला की म्हणतो, जा, खेळ जरा. पाढे काळोखातही होतात. म्हणून मी भेटेल त्या पालकाला एकच सांगते, क्लास दिवेलागणीनंतर ठेवा.

आम्ही काही आया मिळून ट्यूशनच्या बाईंना भेटलो. त्यांनाही संध्याकाळी स्वयंपाक असतो, त्यामुळे त्यांचं नाही म्हणणं मला समजत होतं. तरी त्यांनी तिसरी-चौथीची बॅच साडेसहाला नेली. पाचवी-सहावीची अजून साडेचारलाच भरते. त्या मुलांच्या आईवडिलांशी माझं बोलणं चालू आहे. दोघी तयार झाल्यात. आणखी तीन-चार घरं हो म्हणाली की बाईंकडे पुन्हा जायचं आहे.